पुस्तक नुसतं वाचू नका, गिरवा

२००३ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुस्तकांची नावं दिसू लागली. नैराश्याने किंवा चिंतेने ग्रासलेला रुग्ण ती चिठ्ठी घेऊन थेट सार्वजनिक ग्रंथालयात जाई. मानसशास्त्रज्ञ नील फ्रूड यांची ही कल्पना पुढे साऱ्या वेल्समध्ये पोचली. २०१३मध्ये इंग्लंडनेही तशीच योजना सुरू केली.

पुस्तकाने मन कसं सावरेल? उत्तर मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या कामात आहे. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात रुग्ण तपासताना त्यांना दिसलं, की निराश माणसाच्या मनात काही विचार आपोआप उमटतात आणि तो ते न तपासताच खरे मानतो. त्या विचारांची उलटतपासणी हा त्यांच्या उपचाराचा गाभा. ही पद्धत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड बर्न्स यांनी १९८०मध्ये ‘फीलिंग गुड’ या पुस्तकातून सर्वसामान्यांपर्यंत नेली. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या ८० जणांवर अमेरिकेत या पुस्तकाची चाचणी झाली. १९९५मध्ये तिचे निष्कर्ष आले. चार आठवड्यांनी पुस्तक वाचणाऱ्यांची लक्षणं बरीच कमी झाली होती; पुस्तक मिळण्याची वाट पाहणाऱ्या गटात तसा फरक पडला नव्हता.

मात्र त्या वाचकांना संशोधक दर आठवड्याला फोन करत. पुढच्या अनेक अभ्यासांत असं दिसलं: कुणी अधूनमधून विचारपूस करत असेल, तर पुस्तकाचा गुण जास्त येतो.

कारण असं पुस्तक कादंबरीसारखं वाचून संपवायचं नसतं. पाटीवरच्या अक्षरासारखं गिरवायचं असतं. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात घटना: साहेबांनी फोन उचलला नाही. दुसऱ्यात मनात आलेला विचार: ते माझ्यावर नाराज आहेत. तिसऱ्यात पुरावा: काल तर नीट बोलले होते, आज बैठकीत असतील. हेच मनातल्या मनात केलं तर विचार गोल गोल फिरत राहतो. कागदावर उतरला की त्याच्याकडे जरा लांबून पाहता येतं.

पुस्तकाला मर्यादाही आहेत. झोप-भूक हरपली असेल, रोजची कामं होत नसतील, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. जीव नकोसा वाटत असेल तर एक क्षणही थांबू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत सुरू असतो.

आणि घरात कुणी असं पुस्तक हाती घेतलं असेल, तर आठवड्यातून एकदा एवढंच विचारा: “वहीत काय लिहिलंस?”