उजव्या बाजूचा आवाज

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर अजून टू-इन-वन आहे? हात वर करा बघू! रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, म्हणून टू-इन-वन. वर दांडा, दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये कॅसेटचं दार आणि खाली पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणली. आपल्याकडे घराघरांत ती पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. आम्हा कोकणातल्यांकडे ती बऱ्याचदा आखातातून आली. घरातला एक मुलगा मस्कतला किंवा दुबईला गेला की पहिल्या सुट्टीत सेंटच्या बाटल्या, ब्लँकेट आणि टेप ठरलेला.

आमच्या चिपळूणच्या घरातला टेपही तसाच. मोठे भाऊजी मस्कतला होते, त्यांनी १९८४ मध्ये आणला. पण तो गाण्यांसाठी कमी आणि पत्रासाठी जास्त वापरला गेला. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून पत्र लिहून घेतलं की मनातलं अर्धं मनातच राहतं, असं त्या म्हणायच्या. मग त्या टेपसमोर बसून कॅसेट भरायच्या आणि गावातलं कुणी मस्कतला निघालं की त्याच्या हाती द्यायच्या. भाऊजींनी त्या सगळ्या जपल्या आणि कायमचे परत आले तेव्हा बिस्किटाच्या डब्यात घालून आणल्या. सात कॅसेटी.

बायकांचे आवाज किती सहज हरवतात, नाही? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखावर. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. पण घरात सहज बोललेलं कोण जपणार? ते असल्या डब्यांतच राहतं.

गेल्या वर्षी भाऊजींना पंचाहत्तर पूर्ण झाली. म्हणाले, “वहिनी, आईचा आवाज एकदा ऐकायचाय.” टेप माळ्यावरच होता. २०२१ च्या जुलैतला पूर घरात शिरला तेव्हा खालचं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं वाचलं. लावून पाहिला. रेडिओ दोन्ही स्पीकरमधून छान लागला. टेप लावला की मात्र फक्त डावा स्पीकर बोले, उजवा गप्प. मधूनच शिट्टीसारखा कर्कश आवाज. दुकानात नेला तर दुकानदार उघडूनसुद्धा बघेना. “ताई, भंगारात घाला, पेन ड्राइव्हवाला नवीन घ्या.” आता पेन ड्राइव्हवर सासूबाई कुठून येणार?

इथे थोडं माझ्याविषयी. मी १९८८ मध्ये आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला. दोन वर्षांनी लग्न झालं आणि सोल्डरिंग आयर्न ट्रंकेत गेलं. ते काढलं. हे म्हणाले, “जमेल का गं आता?” मी काही बोलले नाही, पेचकस हातात घेतला.

आधी रोग कुठे आहे ते शोधायचं. रेडिओ दोन्हीकडे वाजतोय, म्हणजे स्पीकर चांगले आणि आवाज मोठा करणारा भागही चांगला. दोष टेपच्या वाटेवर. ‘टेप-रेडिओ’चा सरकता खटका बोटाने किंचित बाजूला दाबला, तर उजव्या स्पीकरमध्ये खरखर झाली आणि क्षणभर आवाज आला. चोर सापडला! शिट्टीचा चोर दुसरा. तो आत, सर्किटच्या पाटीवर असतो. रेकॉर्डचं बटण दाबलं की एका दांडीने सरकणारा बोटाएवढा लांबट खटका. कॅसेट भरायची की वाजवायची, ते हा ठरवतो. तो धड इकडे ना धड तिकडे राहिला की यंत्र ओरडायला लागतं.

असं होतं कशाने? खटक्याच्या आत पितळी पट्ट्यांवर चांदीचा पातळ थर असतो. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, आपले पैंजण पडतात ना, तशीच. त्यातून कोकणातली दमट हवा, आणि वर्षानुवर्षं हलवलेला नाही म्हणून घट्ट झालेलं ग्रीस. काळपटपणा निघतो. पण घासून घासून चांदीचा थरच गेला असेल, तर नुसत्या सफाईने भागत नाही.

मी प्लग काढला, मागचे मोठे सेलही काढले. (प्लग लावलेला असताना आत हात घालायचा नाही, २३० व्होल्ट कुणाची ओळख ठेवत नाहीत.) प्रत्येक वायर सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढला. आमच्या वेळी ही सोय नव्हती, वहीत चित्र काढावं लागे. मग दोन्ही खटक्यांच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारून प्रत्येक खटका पंचवीस-तीस वेळा पुढेमागे केला. रेकॉर्डचं बटण रिकाम्या टेपमध्ये दबत नाही. आत मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, ती बोटाने ढकलून धरली की दबतं. मोटर चालू करणाऱ्या दोन पात्यांच्या मध्ये आयपीएत भिजवलेला जाड कागद घालून ओढून काढला. आयपीए म्हणजे मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतं ते स्पिरिट. तिथे पॉलिश पेपर अजिबात लावू नका, उरलीसुरली चांदीही जाईल. आणि दाराच्या बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रे तर इथे नकोच. रबरी पट्ट्यांवर तो उडाला की त्या घसरायला लागतात.

शिट्टी गेली, उजवा स्पीकर बोलायला लागला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा मुका. म्हणजे ‘टेप-रेडिओ’चा खटका नुसता मळलेला नव्हता, झिजलेला होता.

मग तो पाटीवरून सोडवला. एकेका पायाचं शिसं वितळवायचं, तांब्याच्या जाळीच्या पट्टीने टिपून घ्यायचं. बारा पाय. घाई केली तर पाटीवरची तांब्याची रेघच उखडते. खटक्याचे पत्र्याचे कान वाकवून तो उघडला तो परातीत, मुद्दाम. कारण आत स्प्रिंगवर बसवलेली मोहरीएवढी गोळी असते. खट् असा आवाज तिचाच. ती उडाली की गेलीच! आतल्या सरकत्या तुकड्यात चिमट्यासारख्या बारीक पट्ट्या असतात. त्या पाट्यांना दोन्हीकडून धरून सरकतात. उजव्या बाजूच्या पट्टीने स्वतःची वाट घासून घासून खोल केली होती आणि तिची पकडही सैल पडली होती. ती काढून उलटी बसवली, म्हणजे न झिजलेली कड पुढे आली. आणि चिमट्याने अगदी किंचित दाबून पकड घट्ट केली. तुटली असती तर दुसऱ्या जुन्या टेपमधून काढावी लागली असती, नवी मिळणं अवघडच. पुन्हा डाख दिला. डोळ्यांना चष्मा लागलाय, पण हात विसरला नव्हता.

चाचणी आधी सेलवर, आणि जुनी, टाकाऊ कॅसेट घालून. रेकॉर्डचा खटका मध्येच अडकला तर कॅसेटवरचं पुसलं जाऊ शकतं, म्हणून घरची कॅसेट सगळ्यात शेवटी घालायची. तिच्या वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोनही आधी तोडून टाकायचे. मग रेकॉर्डचं बटण चुकूनसुद्धा दबत नाही.

आठवडाभर टेप नीट वाजला, तेव्हा भाऊजींना बोलावलं. कॅसेट १९८६ च्या पावसातली. सासूबाईंचा आवाज आला, ठणठणीत. “पडवी गळते, ह्या वर्षी काजू कमी, म्हैस व्यायली, रेडकू झालं.” मध्येच त्या थांबतात. डाव्या स्पीकरवर ऐकलं होतं तेव्हा वाटलं होतं, विसरल्या असतील. आता त्या थांबण्यात उजवीकडून एक पुरुषी आवाज आला, हळू, जरा घोगरा. “त्याला विचार, जेवतो का वेळेवर. माझं नाव नको सांगू.” आणि सासूबाई लगेच मोठ्याने, “जेवतोस ना रे वेळेवर?”

ते अण्णा, माझे सासरे. टेपला दोन टोकांना दोन माइक असतात, ते उजव्या माइकजवळ बसले असावेत. १९८७ मध्ये ते गेले. मी सून म्हणून आले १९९० मध्ये, त्यामुळे मला ते फोटोतलेच ठाऊक. भाऊजींचं मस्कतला जाणं त्यांना पटलं नव्हतं. त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मस्कतला भाऊजींकडे एकाच स्पीकरचा लहान टेप होता. सासूबाईंच्या आवाजामागे कुणीतरी कुजबुजतंय एवढंच त्यावर कळायचं. भाऊजी म्हणाले, “मला वाटायचं, शेजारचं कुणी आलं असेल.” मग त्यांनी हाताने खूण केली, मागे घे म्हणून. मी मागे घेतली. पाच वेळा घेतली. सहाव्यांदा बटण त्यांनी स्वतःच दाबलं.

आता हेडफोनच्या भोकातून वायर काढून भाचा त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात, त्याला शॉर्टकट नाही. चार झाल्या. पाचवीच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. ती तशीच घातली तर टेपचं हेड खराब होईल, म्हणून तिला तूर्त बाहेर ठेवलंय. मऊ कोरड्या कापडातून फीत हाताने हळूहळू पुढे न्यावी लागेल. त्या कामाला दुपार मोकळी हवी.