कार्डाची मागची बाजू

टोकियोतलं निशी-कासाई स्टेशन मराठी माणसाला परकं नाही. आयटीच्या नोकरीसाठी जपानला गेलेली कितीतरी भारतीय कुटुंबं त्याच्या आसपास राहतात. तो भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या सभागृहात 2019 साली निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हेही मराठीच. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो. नवऱ्याची नोकरी पक्की आहे, मुलं शाळेत रुळली आहेत, बायको एम.ए. बी.एड. आहे आणि स्टेशनजवळच्या ‘एइकाइवा’त, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या वर्गात, शिक्षिका हवी आहे. मग जायला हरकत काय?

हरकत नाही, पण आधी काही समजुती दुरुस्त करायला हव्यात. त्या बहुतेक कुणीतरी कुणालातरी सांगितलेल्या असतात आणि चुकल्या तर भोगावं लागतं ते कुटुंबाला.

पहिली समजूत, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी: ‘व्हिसा आहे ना, मग काम करता येतं.’ व्हिसा फक्त देशात शिरण्यापुरता. आत गेल्यावर तुमचं सगळं अवलंबून असतं ते ‘झाइऱ्यू शिकाकु’वर, म्हणजे वास्तव्याच्या दर्जावर. जपानमध्ये वेगळं वर्क परमिट नसतंच. कोणतं काम चालेल हे त्या दर्जातच ठरलेलं असतं. नवऱ्याबरोबर गेलेल्या पत्नीचा दर्जा ‘अवलंबित कुटुंबीय’ असतो. तिचं रेसिडेन्स कार्ड हातात घेऊन बघा. पुढच्या बाजूला काम करण्यास मनाई असल्याचं स्पष्ट छापलेलं असतं. आता ते उलटा. खालच्या भागात एक चौकट असते. इमिग्रेशन कार्यालयात अर्ज केला आणि तो मंजूर झाला की तिथे शिक्का उमटतो: आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करण्यास परवानगी. अर्जाला शुल्क नाही, पण परवानगी आपोआपही मिळत नाही. चौकट कोरी असेल तर एक तास शिकवणंही बेकायदा.

या 28 तासांबद्दलही गोंधळ आहे. ‘दोन शाळांत 28-28 तास चालतात’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. चालत नाहीत. सगळ्या ठिकाणचे मिळून 28, आणि आठवडा कुठल्याही वारापासून मोजला तरी 28 च्या आत. लांब सुट्टीत दिवसाला 8 तास काम करण्याची सवलत विद्यार्थ्यांना आहे, अवलंबित कुटुंबीयांना नाही. जास्तीचे तास कुणाला कळणार, असं वाटतं खरं. पण मुदत वाढवून घेताना करविषयक दाखले मागितले जातात आणि वर्षाची कमाई त्यात आकड्यांनिशी दिसते.

‘मग घरीच शिकवण्या घेते, ती काही नोकरी नाही.’ हा युक्तिवाद आपल्याकडच्या सवयीतून येतो. आपल्याकडे घरच्या शिकवणीला कुणी काही विचारत नाही. पण 28 तासांची सरसकट परवानगी तास मोजता येतील अशा नोकरीसाठी आहे. स्वतंत्रपणे शिकवायचं तर त्या कामापुरती वेगळी परवानगी मागावी लागते.

पूर्णवेळ शिकवायचं असेल तर दर्जाच बदलून घ्यावा लागतो, आणि इथे अनेकजणी विनाकारण माघार घेतात. ‘इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांनाच हा व्हिसा मिळतो’ असं त्यांना वाटतं. ही गोष्ट दक्षिण कोरियाच्या ई-2 व्हिसावरून पसरली असावी. तिथे इंग्रजी शिकवण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका अशी सात देशांची यादी आहे. जपानच्या नियमात अशी यादी नाही. खासगी भाषाशाळेतल्या शिक्षकाला सहसा ‘मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा’ या गटातला दर्जा मिळतो. त्यासाठी एरवी तीन वर्षांचा अनुभव लागतो, पण भाषा शिकवणाऱ्या पदवीधराला तोही माफ आहे. लागतं ते पदवी प्रमाणपत्र, शाळेबरोबरचा करार आणि त्याच कामासाठी जपानी माणसाला मिळेल त्याहून कमी नसलेला पगार. ऑनलाइन मिळणारं 120 तासांचं अध्यापनाचं सर्टिफिकेट शाळेला आवडेलही, पण पदवीची जागा ते घेत नाही.

सरकारी शाळेत सहायक भाषाशिक्षक व्हायचं असेल तर मात्र दर्जा वेगळा, ‘शिक्षक’ म्हणून. तिथली अट मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी नीट वाचावी. जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी विज्ञान आणि चार वर्षं इंजिनिअरिंग, अशी इंग्रजीतली बेरीज 6 वर्षंच होते. इंग्रजी कितीही उत्तम असो, हा हिशेब जुळत नाही. अशांसाठी एइकाइवाचा मार्ग मोकळा आहे. दोन्हींचे नियम एकच समजून निराश होण्याचं कारण नाही.

भारतातून थेट जाणाऱ्यांना एजंट सांगतात, ‘पर्यटक म्हणून जा, तिथे नोकरी बघू, मग व्हिसा बदलून घेऊ.’ मुलाखत देण्यात गैर काही नाही. पण पर्यटकाचा दर्जा अपरिहार्य कारणाशिवाय बदलून मिळत नाही. सरळ रस्ता असा: शाळा जपानमधल्या इमिग्रेशन कार्यालयात ‘पात्रता प्रमाणपत्रा’साठी अर्ज करते, त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात, ते आल्यावर तुम्ही भारतातून व्हिसा घेता आणि प्रमाणपत्राच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पोचता. पुण्या-ठाण्यातला कुणी एजंट पैसे घेऊन हे प्रमाणपत्र ‘काढून देतो’ म्हणाला, तर नोकरी देणाऱ्या शाळेचं नाव आणि करार आधी मागा.

आणि शाळा बंद पडली तर? 2007 च्या ऑक्टोबरमध्ये ‘नोव्हा’ ही जपानमधली सर्वांत मोठी भाषाशाळांची साखळी कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. ‘शाळा गेली की व्हिसा गेला’ ही भीती तेव्हाही होती, आजही आहे. दर्जा शाळेच्या मालकीचा नसतो, तो तुमचा असतो. आजच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटल्यावर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं आणि नवी मिळाल्यावर पुन्हा 14 दिवसांत. सबळ कारणाशिवाय तीन महिने ते काम केलं नाही तर मात्र दर्जा रद्द होऊ शकतो. नोकरी शोधत असाल तर अर्ज, मुलाखतींची पत्रं, सगळं जपून ठेवा.

परवानगीविना काम केल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. उघडपणे तेच मुख्य काम करत असल्याचं दिसलं तर तीन वर्षं किंवा 30 लाख येन, शिवाय हद्दपारी.

म्हणून मुलाखतीला निघण्याआधी पर्समधलं कार्ड काढून उलटं करून बघा. त्या चौकटीत शिक्का नसेल तर शाळेने कितीही घाई केली तरी पहिला तास घेऊ नका.