मोटारीचे तास आणि माणसाचे मनगट

एक मोटार जुळवायला किती वेळ लागतो? १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात ‘मॉडेल टी’चा नुसता सांगाडा उभा करायला साडेबारा तास लागत. सांगाडाच कामगारांसमोरून सरकत नेण्याची पद्धत आली आणि पुढच्याच वर्षी हे काम ९३ मिनिटांवर आले. हे ‘कामगार-तास’ असतात, म्हणजे चौघांनी अर्धा तास काम केले तर दोन तास धरायचे. यात हात आठपट वेगाने चालू लागले नव्हते, तर सुटे भाग आणण्यातली धावपळ वाचली होती. मात्र एकच हालचाल दिवसभर करण्याला कंटाळून माणसे धडाधड नोकरी सोडू लागली. १९१४ मध्ये फोर्डने पाच डॉलर रोज आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला, त्यामागे हेही कारण होते.

पुढची मोठी तफावत दिसली ती १९८६ मध्ये. एमआयटीच्या संशोधकांनी केलेल्या तुलनेत जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीला ३१ तास लागत होते, तर टोयोटाच्या ताकाओकात १६. घाईत दोष वाढत असतील, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात टोयोटाच्या गाड्यांतले दोष निम्म्याहूनही कमी होते. चूक दिसताच कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकत असे, त्यामुळे नंतरची दुरुस्ती टळे.

जपानी माणसेच वेगळी, असेही म्हणता येईना. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा बंद पडलेला फ्रीमॉन्ट कारखाना टोयोटाच्या भागीदारीत १९८४ मध्ये सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच होते, तरी तिथे एक गाडी १९ तासांत होऊ लागली.

पण मिनिटातला जवळजवळ प्रत्येक सेकंद कामाने भरला, की स्नायूंना आणि कंडरांना सैल पडायला उसंत मिळत नाही. तीच हालचाल, तोच जोर, पाळीत शेकडो वेळा! १९९३ चे नवे मॉडेल आले तेव्हा फ्रीमॉन्टमध्ये अशा दुखापती वाढल्या आणि राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने कारखान्यावर ठपका ठेवला. १९९५ च्या ट्रकच्या वेळी मात्र कुठे वाकावे लागेल, कुठे ताण येईल हे आधीच तपासले गेले.

आज फ्रीमॉन्ट टेस्लाकडे आहे. २०२१ मध्ये फोक्सवॅगनच्या प्रमुखांनीच सांगितले होते, की आपल्याला विजेवरच्या गाडीला तीस तासांहून अधिक लागतात, तर टेस्ला बर्लिनजवळ दहा तासांचे उद्दिष्ट ठेवून आहे. गाडीच्या मागच्या भागातले सुमारे ७० तुकडे जोडत बसण्याऐवजी तो भाग एकाच ओतकामात काढायचा, ही त्यामागची एक युक्ती. असे वाचलेले तास कुणाच्या मनगटातून काढलेले नसतात.