वाळकेश्वरची मागची बाजू

गिरगावात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे चौपाटी. टिळकांचा पुतळा, विसर्जन, भेळ. सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सोडून देतो. किनाऱ्याविषयी काहीतरी लिहा असं सांगणं आलं तेव्हा सवयीने आधी तिथेच गेलो. समोर बघितलं तर उजवीकडे मलबार टेकडीची सोंड पाण्यात घुसलेली. जन्मभर पाहिलेली, पण ती तिथे काय करते हे कधी विचारलंच नव्हतं. वाळकेश्वरची बस पकडली.

बाणगंगेवर बदकं होती, श्राद्धाचे विधी चालले होते. 1127 मध्ये शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी तळं बांधलं, 1715 मध्ये रामा कामतींनी देऊळ पुन्हा उभारलं. एवढा इतिहास पुरे. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं कसं, तर रामाने बाण मारला म्हणून.

मला भावली ती दुसरी कथा. लक्ष्मण रोज काशीहून शिवलिंग आणायचा. एका रात्री त्याला उशीर झाला, तेव्हा रामाने तिथल्याच वाळूचं लिंग केलं, तो वालुकेश्वर. पुढे फिरंगी आले आणि त्यांना बघताच त्या लिंगाने समुद्रात उडी घेतली. भाविकांची क्षमा मागून सांगतो, या किनाऱ्याचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही. तळ्यामागच्या वस्तीतून खाली उतरलो तर ओंजळभर वाळू दिसेना. नुसतं काळं खडप, त्यावर शेवाळ, कालवं आणि आपला कचरा.

वाळू गेली कुठे? लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय तळाला घासतो आणि ती मंदावते. सोंडेपुढे तळ आधी लागतो, त्यामुळे लाटा दोन्ही बाजूंनी वळून सोंडेवरच येतात. आतल्या बॅकबेमध्ये तोच जोर लांबवर पसरून लुळा पडतो आणि आणलेली वाळू तिथे टाकून देतो. म्हणजे आमची चौपाटी या खडकाच्या जिवावर. तो मार खातो, आम्ही भेळ खातो.

खडपाच्या टोकाला एक काका गळ टाकून बसले होते. पलीकडे खडकात उभी चीर होती. लाट आत शिरली की आधी ‘धप्प’ आणि मग फुस्सकन तुषार.

“आत वारा कोंडतो. पाणी मागं सरलं की सुटतो,” काका म्हणाले. “माझ्या लहानपणी ही कपार एवढी नव्हती, दादा.”

बेसाल्ट एका आयुष्यात इतका फाटत नाही, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही. पण कोंडलेल्या हवेचं त्यांनी सांगितलं ते भूगोलाच्या पुस्तकापेक्षा सरळ होतं. पावसाळ्याचे चार महिने, साडेचार मीटरच्या वरचं उधाण असलं की, हेच हजारो वेळा होतं. गोटे आपटतात, भेगा रुंदावतात. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यातल्या गाळाचा मऊ थरही असतो. वरळीच्या टेकडीत अशाच थरात इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले. डायनोसॉर हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेननेच 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. असा थर लाटेच्या तोंडी आला की आधी तो पोखरतो, वरचा कठीण दगड अधांतरी राहतो आणि एक दिवस खाली येतो. कडा मागे हटतो, पायथ्याशी हे सपाट खडप उरतं.

अशीच एक चीर पुढे मलबार पॉइंटला, राज्यपालांच्या निवासाच्या आवारात: श्रीगुंडी, कोळ्यांची सागरमाता. तिच्यातून अंग चोरून पलीकडे निघालं की पाप फिटतं, अशी श्रद्धा. कान्होजी आंग्रे आणि राघोबादादाही त्यातून गेल्याचं सांगतात. राघोबादादांना किती वेळा जावं लागलं असेल कोण जाणे.

गंमत म्हणजे मुंबईतले लाव्हाचे थर पश्चिमेला कललेले. त्यामुळे ही टेकडी समुद्राकडे उतरती आहे आणि गिरगावच्या बाजूला तुटलेली. ऑगस्ट 2020 च्या पावसात ढासळली तीही तिकडूनच. पाणी खालच्या समुद्राचं नव्हतं, वरचं होतं. आता तिच्या पोटातून सागरी मार्गाचे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे गेलेत. पुढे प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीपर्यंत भरावाची भिंत. भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू उकरून नेते. दादरची जुनी माणसं अजून रुंद चौपाटीच्या आठवणी काढतात. इथे वाळकेश्वरला मात्र एवढा जिवंत खडक असून साधी पाटीसुद्धा नाही. वस्तीच्या मागचं अंगण एवढीच त्याची ओळख.

भरती चढू लागली. कपारीतला आवाज जड झाला तसे काका उठले, टोपली दोन खडक मागे ठेवली आणि पुन्हा गळ टाकून बसले.