स्वरतंतूला न शिवता

आवाज बसला की आपण हळद-दूध घेतो, ज्येष्ठमध चघळतो आणि चार दिवसांत विसरून जातो. पण थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत नस दुखावून एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला, तर ज्येष्ठमध काय करणार? बोलताना दोन्ही तंतू एकमेकांना भिडावे लागतात. एक हललाच नाही तर मध्ये फट राहते, हवा निसटते, बोलणं कुजबुजीवर येतं आणि पाणी पितानाही ठसका लागतो.

पूर्वी अशा तंतूत पॅराफिन, पुढे टेफ्लॉन टोचून तो फुगवत. फट बुजायची, पण टेफ्लॉनभोवती गाठी धरायच्या आणि एकदा टोचलेलं काढणं महाकठीण.

जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या नोबुहिको इस्शिकी यांनी वेगळी वाट धरली. १९६०च्या दशकात ते हवेची मोजमापं घेत होते: बोलताना ती किती दाबाने येते, किती वाहते, आवाज लहान-मोठा कशाने होतो. तेव्हा हे कोरडं शास्त्र वाटलं असेल; माझ्या मते त्यांची शस्त्रक्रिया त्यातूनच उगवली. तंतू ज्या कूर्चेच्या चौकटीला जोडलेले असतात, ती चौकटच हलवली तर?

१९७४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘थायरोप्लास्टी’ मांडली. कंठमण्याच्या कूर्चेला बाहेरून लहानशी खिडकी पाडायची आणि तिथून लुळा तंतू मध्याकडे ढकलायचा. हा पहिला प्रकार. दुसऱ्यात तंतू एकमेकांपासून दूर सारतात, तिसऱ्यात सैल करतात, चौथ्यात ताणतात. चारही प्रकारांत तंतूला सुरी लागत नाही. ते फार महत्त्वाचं, कारण कंप पावतं ते तंतूचं वरचं नाजूक आवरण. त्यावर व्रण राहिला की आवाज कायमचा घोगरा. हे थर मिनोरू हिरानो या दुसऱ्या जपानी संशोधकाने उलगडून दाखवले, तेही १९७४मध्येच!

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते. रुग्ण टेबलावर ‘आ’ म्हणतो, दोन वाक्यं बोलतो आणि सर्जन कानाने ऐकत किती दाबायचं ते ठरवतो. शस्त्रक्रियागृहात रुग्णाला बोलतं करणारी ही पद्धत मला फार आवडते.

तंतू सैल करून आवाज खाली उतरवणारा तिसरा प्रकार आपल्याकडच्या घरांनी माहीत करून घ्यावा. वयात येऊनही मुलाचा आवाज फुटत नाही, वर्गात नकला होतात, मुलगा फोन उचलेनासा होतो. घरचे म्हणतात, होईल आपोआप. अशा बहुतेक मुलांना आवाजाच्या उपचारतज्ज्ञाकडचे व्यायामच पुरतात. त्यांनी भागलं नाही तरच थायरोप्लास्टी. आणि मोठ्यांचा घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्याने, विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर तेवढीही वाट पाहू नये.