हरवलेल्या आजी आणि अंदाजांची गर्दी

‘वय ७६, अंगावर हिरवे पातळ, सकाळी देवळात जाते म्हणून निघाल्या, अद्याप घरी परतलेल्या नाहीत. कुणाला दिसल्यास कृपया खालील क्रमांकावर कळवावे.’ असा मजकूर आणि सोबत एखाद्या लग्नातला फोटो सोसायटीच्या, गावाच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून येतोच. आधी हात जोडल्याच्या खुणा उमटतात. तासाभरात वेगळे संदेश सुरू होतात. सुनेशी पटत नव्हते म्हणे. जागेच्या वाटणीवरून वाद होता म्हणे. गळ्यात सोने होते का? मुलाने इतक्या उशिरा का कळवले? संध्याकाळपर्यंत ग्रुपने आरोपीही ठरवलेला असतो. आजी मात्र कदाचित घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, एखाद्या बंद शेडच्या मागे तहानेने व्याकूळ होऊन बसलेल्या असतात.

वयस्कर व्यक्ती बेपत्ता होण्यामागे गुन्हा असूच शकत नाही, असे नाही. ती शक्यता पोलिसांनी तपासायलाच हवी. पण बाकीच्यांनी सर्वात आधी विचारायचा प्रश्न आरोग्याचा आहे: त्यांना विस्मरणाचा त्रास होता का? गेल्या दोन-चार दिवसांत त्यांच्या वागण्यात काही फरक पडला होता का?

मेंदूतला नकाशा पुसतो तेव्हा

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळले. अनेकांचे निदान कधी होतच नाही. ‘वय झाले, विसरायचेच’ म्हणून विषय संपतो. अमेरिकेतील अल्झायमर असोसिएशनच्या मते, स्मृतिभ्रंश असलेल्या दहापैकी सहा जण कधी ना कधी भरकटतात.

यामागचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. आपण कुठे आहोत आणि कुठे निघालो आहोत, याचा नकाशा मेंदूतील हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स हे भाग सांभाळतात. तिथल्या ‘जागा ओळखणाऱ्या’ पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्झायमरची सुरुवातीची हानी नेमकी याच भागात होते. त्यामुळे ओळखीचा रस्ता चुकणे हे या आजाराचे अगदी सुरुवातीचे लक्षण असू शकते. नातवंडांची नावे आठवतात, पोथी पाठ असते, पण रोजच्या देवळातून घरी यायचे वळण सापडत नाही.

शिवाय पाय चालत असतात आणि सवयी शाबूत असतात. पदर सावरलेला, हातात पिशवी, चाल ठाम. अशी बाई हरवलेली आहे, हे रस्त्यावरच्या कुणाच्याही लक्षात येत नाही. जुन्या आठवणी नव्यांपेक्षा जास्त टिकत असल्याने ‘घरी जायचे आहे’ याचा अर्थ पन्नास वर्षांपूर्वीचे माहेर असाही असू शकतो. नाव विचारले तर त्या माहेरचे नाव सांगू शकतात. मग एका पोलीस ठाण्यात सासरच्या नावाने तक्रार आणि दुसऱ्या ठाण्यात माहेरच्या नावाने नोंद, अशी चुकामूक होऊ शकते.

ज्यांना विस्मरणाचा त्रास नव्हता, त्याही अचानक भ्रमिष्टासारख्या वागून घराबाहेर पडू शकतात. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, शरीरातले पाणी घटणे, नव्या औषधाचा परिणाम, डोक्याला लागलेला मार यांमुळे उतारवयात काही तासांत बुद्धिभ्रम होतो. डॉक्टर त्याला ‘डिलिरियम’ म्हणतात. वेळेत उपचार मिळाले तर तो बहुतेकदा बरा होतो. ग्रुपवर ‘काल तर चांगल्या बोलत होत्या, आज अशा कशा जातील?’ असा संशय घेतला जातो. त्याचे उत्तर अनेकदा रक्ताच्या साध्या तपासणीत असते.

जवळच, पण हाकेला ओ नाही

हरवलेल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणारे अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट कोएस्टर यांनी शोधमोहिमांच्या असंख्य नोंदी तपासल्या. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्ती बहुधा शेवटच्या दिसल्या त्या जागेपासून फार दूर जात नाहीत, असे त्यांना आढळले. त्या अडखळेपर्यंत चालत राहतात आणि झुडपात, नाल्यात, कुंपणाशी अडकतात. त्या मदतीसाठी हाका मारत नाहीत आणि कुणी हाक मारली तर ओ देतीलच असे नाही. म्हणून नुसते नाव पुकारत फिरणे पुरेसे नसते. गच्ची, पार्किंग, जिन्याखालची जागा, गोठा, विहिरीचा काठ, उसाचा फड, ओढा हे सारे डोळ्यांनी पाहावे लागते.

आणि ते लवकर पाहावे लागते. २४ तासांत न सापडलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत रुग्णांना गंभीर इजा होण्याचा किंवा मृत्यूचा धोका असतो, असे अल्झायमर असोसिएशन सांगते. जपानमध्ये पोलीस अशा नोंदी स्वतंत्र ठेवतात. २०२३ मध्ये तिथे स्मृतिभ्रंश असलेले १९,०३९ जण बेपत्ता झाल्याची नोंद झाली. बहुतेक जण लवकर सुखरूप सापडले, पण सुमारे पाचशे जण मृतावस्थेत आढळले.

तर्क वेळ खातात

ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती, कारण ती अधिक नवी आणि धक्कादायक वाटते. ‘आजी वाट चुकल्या’ यात नवे काही नाही. ‘घरच्यांनीच काहीतरी केले’ यात गोष्ट आहे. शिवाय मोठ्या दुःखामागे कारणही तेवढेच मोठे असणार, असे मनाला वाटत राहते.

याची किंमत काय असते, ते इंग्लंडमधील लँकशायरमध्ये २०२३ च्या जानेवारीत दिसले. तिथे बेपत्ता झालेली महिला ४५ वर्षांची होती, वृद्ध नव्हती, पण घडले ते हेच. नदीकाठी कुत्र्याला फिरवायला गेलेली ती महिला दिसेनाशी झाली. ती नदीत पडली असावी, असे पोलीस सांगत होते. तरीही समाजमाध्यमांवर जोडीदारापासून मित्रांपर्यंत सर्वांवर संशय घेतला गेला. हौशी ‘गुप्तहेर’ कॅमेरे घेऊन गावात उतरले. त्यांना पांगवण्यासाठी पोलिसांना बळ खर्च करावे लागले. दबावाखाली पोलिसांनी तिच्या आरोग्याविषयीचा खासगी तपशील जाहीर केला. तो टाळता आला असता, असा ठपका पुढे चौकशी अहवालाने ठेवला. तीन आठवड्यांनंतर तिचा मृतदेह त्याच नदीत, सुमारे दीड किलोमीटरवर सापडला. अपघाताने बुडून मृत्यू, असा न्यायचौकशीचा निष्कर्ष निघाला.

आपल्याकडे अफवेने याहून वाईट वळण घेतले आहे. मे २०१८ मध्ये तमिळनाडूच्या तिरुवण्णामलई जिल्ह्यात कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबातील ६५ वर्षांच्या महिलेने वाटेत मुलांना चॉकलेट दिले. ते रस्ता विचारत होते. ‘मुले पळवणारी टोळी’ समजून जमावाने तिला ठार मारले. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात याच अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा बळी गेला. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती अनोळखी गल्लीत नेमकी अशीच ‘संशयास्पद’ दिसते. ती चुकीच्या दारापाशी उभी असते, नाव सांगू शकत नाही, मुलांशी बोलू पाहते. अफवांनी तापलेल्या गावात तिला पाणी मिळण्याऐवजी मार मिळू शकतो.

आणखी एक नुकसान नजरेला पडत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने घरचे लोक आजार लपवतात. आधी पाहुण्यांना गुपचूप फोन करतात आणि पोलिसांकडे संध्याकाळी जातात. पुढे होणाऱ्या चर्चेची भीतीच पहिले मोलाचे तास खाऊन टाकते.

घरच्यांनी आणि बाकीच्यांनी काय करावे?

बेपत्ता झाल्याची तक्रार देण्यासाठी २४ तास थांबावे, असा कोणताही नियम नाही. ११२ वर लगेच फोन करावा. पोलिसांना आजार, चालू औषधे, माहेरचे नाव व गाव, जुने घर आणि पूर्वीची नोकरीची जागा हे सर्व सांगावे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. एकाने घरीच थांबावे, कारण अनेक जण आपणहून परततात.

तयारी आधीच केलेली बरी. ब्रिटनमध्ये ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा फॉर्म कुटुंबे भरून ठेवतात. नॉर्मंडीच्या लढाईत सहभागी झालेले जॉर्ज हर्बर्ट बालपणीचे घर शोधायला निघाले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावावरून हे नाव पडले. तसाच एक कागद आपल्या घरीही ठेवता येतो. त्यावर अलीकडचा फोटो, उंची, जन्मखूण, बोलीभाषा, नेहमीच्या वाटा आणि डॉक्टरांचा क्रमांक असावा. कपड्याच्या आतल्या बाजूला फोन क्रमांक शिवून ठेवावा किंवा गळ्यात क्यूआर कोडचे पदक घालावे. वाण्याला, रिक्षावाल्यांना आणि देवळातल्या गुरवांना आजाराची कल्पना द्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

संदेश पुढे पाठवताना तारीख, वेळ, ठिकाण, पोलीस ठाण्याचे नाव आणि एकच संपर्क क्रमांक असल्याची खात्री करावी. स्वतःचा तर्क जोडू नये. खरोखर काही पाहिले असेल तर ते ग्रुपवर न टाकता पोलिसांना सांगावे. रस्त्यात गोंधळलेल्या आजी भेटल्या तर समोरून, शांतपणे बोलावे, सावलीत बसवावे, पाणी द्यावे, व्हिडिओ काढू नये आणि ११२ ला कळवावे.

सापडलेल्या आजींना घरी नेण्याआधी दवाखान्यात दाखवावे. रागावू नये. का गेलात, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. आणि त्या सापडल्याचा संदेश, जिथे जिथे पहिला संदेश गेला होता, तिथे त्याच दिवशी पाठवावा.