उलट्या संख्येची वजाबाकी

दुसरी-तिसरीच्या वर्गात ५२ मधून २५ वजा करायला सांगा. काही पाट्यांवर २७ दिसेल, काहींवर ३३. ३३ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ‘लहानातून मोठे जात नाही’ हे त्याने पक्के ऐकलेले असते. म्हणून एककाच्या घरात ते सरळ ५ मधून २ काढते. फुली मारली की उत्तर चुकले एवढेच त्याला कळते. भामरागड, एटापल्ली किंवा जिवती तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळांत तर ती फुलीही लगेच मिळत नाही, कारण गुरुजी तेव्हा दुसऱ्या इयत्तेकडे असतात. आपले उत्तर आपणच पडताळण्याची काही सोय मुलाला देता येईल का? उलट्या संख्यांच्या खेळात अशी एक सोय आहे.

मुलांना कोणतेही दोन वेगळे अंक निवडू द्यावेत. त्यांपासून मोठी आणि लहान अशा दोन संख्या करायच्या आणि वजाबाकी करायची. ७ आणि ३ घेतले तर ७३ − ३७ = ३६; ८ आणि १ घेतले तर ८१ − १८ = ६३. सगळ्यांची उत्तरे फळ्यावर लिहीत गेलो की थोड्याच वेळात कोणीतरी ओरडते, ‘हा तर नवाचा पाढा!’ हे आपण आधी सांगून टाकू नये.

असे का होते, ते काड्यांनी दिसते. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला तोटा नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या एवढे पुरे. ५२ म्हणजे ५ गठ्ठे आणि २ सुट्या. २५ म्हणजे २ गठ्ठे आणि ५ सुट्या. पहिल्या मांडणीची दुसरी करायची तर ३ गठ्ठे उचलायचे आणि ३ सुट्या काड्या ठेवायच्या. एक गठ्ठा देऊन एक काडी घेतली की ९ काड्यांचा तोटा. असे तीनदा, म्हणून २७. घरी माडिया, सिरोंच्यात तेलुगू किंवा मुलचेऱ्यात बंगाली बोलणाऱ्या मुलालाही हे कळायला मराठी संख्यानामांची अडचण येत नाही. (‘एकोणतीस’ या शब्दात स्वतःच एक वजाबाकी दडली आहे, पण तो विषय वेगळा.)

आता ३३ कडे वळू. एककात आणि दशकात दोन्हीकडे मोठ्यातून लहान काढणाऱ्या मुलाला उलट्या जोडीत दोन्ही घरांत तोच अंक मिळतो: ११, २२, ३३, ४४. म्हणजे चुकीचाही पाढा आहे, तो अकराचा! शिक्षकाला पाटीवर नुसती नजर टाकून मुलाने काय केले ते ओळखता येते. आणि नवाचा पाढा येणाऱ्या मुलाला स्वतःलाच ३३ खटकते. हा पडताळा उलट्या जोड्यांपुरताच आहे, ५२ − २७ ला तो लागू नाही. तरीही आमच्या मते हातच्याच्या वजाबाकीचा सराव याच जोड्यांनी सुरू करावा, कारण इथे मूल गठ्ठा सोडण्याचे कारण हाताने अनुभवते.

वरच्या वर्गांसाठी गठ्ठा बदलावा. महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा पुडा ७० पानांचा असतो आणि १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. उन्हाळ्यात पाने तोडायला जाणाऱ्या मुलांना हे सांगावे लागत नाही. ५ पुडे २ पाने यांतून २ पुडे ५ पाने वजा केली तर? एक पुडा देऊन एक पान घेतले की तोटा ६९ चा, म्हणून ३ × ६९ = २०७ पाने. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. असे व्यवहार गावाकडे आले की गठ्ठ्यांचे हिशेबही गावानेच पाहायचे असतात.

मुलांना थांबावेसे वाटले नाही, तर आलेल्या उत्तराचे अंक पुन्हा उलटून वजाबाकी करत राहावे (९ ला ०९ लिहावे). ९ वरून ८१, मग ६३, २७, ४५ आणि परत ९. अंगणात खडूने वर्तुळ काढून या पाच संख्या मांडाव्यात; कोणत्याही दोन वेगळ्या अंकांनी सुरुवात केली तरी मूल याच फेऱ्यात येते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी चार अंकांवर हाच खेळ केला. चारही अंक सारखे नसलेली संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत जावे; जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच राहते: ७६४१ − १४६७ = ६१७४. तीन अंकांनी कुठे पोचतो, ते विद्यार्थ्यांनीच शोधावे.